रुमाल टाकून अडवलेली जागा

मण्यार चावली की आधी पापण्या पडतात. दंश पायाच्या करंगळीला आणि मिटतात डोळे! मधलं सगळं शरीर सोडून विष थेट पापण्यांकडेच कसं काय जातं?

तसं ते जात नाही. रक्तातून ते सगळीकडेच पोचलेलं असतं, पापण्या फक्त सर्वांत आधी चुगली करतात. म्हणून तर चाकूरचं ग्रामीण रुग्णालय असो की लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा तातडीचा विभाग, पावसाळ्यात पहाटे पहाटे कुणाला आणलं की डॉक्टर आधी म्हणतात, "वर बघा बरं." गडी शेतातल्या आखाड्यावर सतरंजी टाकून झोपलेला असतो. रात्री काहीतरी टोचतं, डास असेल म्हणून तो कूस बदलतो. मण्यारीचे दात इतके बारीक की दंशाला ना सूज, ना ठणका. पहाटे पोटात कळा येतात, मग एकाचे दोन दिसू लागतात, मग थुंकी गिळवत नाही. उपचार झाला नाही तर शेवटी छाती हलायची थांबते.

आणि या सगळ्यात माणूस शुद्धीवर असतो! हाक मारलेली त्याला ऐकू येते, फक्त ओ देता येत नाही. मेंदू शाबूत, हृदय चालू, स्नायूही धडधाकट. मग बिघडलं काय?

बिघडली ती एक फट. मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून विजेच्या लहरीसारखा धावत येतो आणि स्नायूच्या उंबऱ्याशी येऊन थबकतो, कारण मज्जातंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेलेच नसतात. त्यांच्यामध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची मोकळी जागा असते. डोक्याचा एक केस घ्या, त्याच्या जाडीत अशा दीडेक हजार फटी मावतील. एवढीशी फट, पण विजेची लहर ती ओलांडू शकत नाही. मग मज्जातंतू काय करतो? टोकाशी साठवून ठेवलेल्या सूक्ष्म पिशव्या फटीत रित्या करतो. एकेका पिशवीत अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनाचे हजारो रेणू. ते पलीकडच्या काठावर जाऊन बसतात, आणि कुठंही नव्हे, ठरलेल्या जागेवरच.

ती जागा म्हणजे रिसेप्टर. पाच प्रथिनं गोलाकार उभी राहून केलेली एक नळी, एरवी बंद असलेली. तिच्यावर अ‍ॅसिटिलकोलिनसाठी दोन आसनं असतात. दोन्हींवर रेणू बसले की नळी उघडते, सोडियम आत घुसतो आणि स्नायू आखडतो. मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो तिथे एका चौरस मायक्रोमीटरवर असे दहाएक हजार रिसेप्टर दाटीवाटीनं उभे असतात. काम उरकलं की फटीतलंच एक विकर सांडलेलं अ‍ॅसिटिलकोलिन कापून टाकतं. सगळा कारभार काही मिलिसेकंदांचा. हे वाक्य वाचताना तुमचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकले, तेवढ्यात हे किती वेळा घडून गेलं असेल!

आता लातूरहून नांदेडला जाणारी एसटी चाकूरच्या स्टँडवर लागताना आठवा. गाडी पुरती थांबायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी आत पडते. जागा अडली! रुमाल तिकीट काढत नाही, प्रवासही करत नाही. पण तो पडलेला आहे तोवर खरा प्रवासी उभाच. मण्यार आणि नाग यांच्या विषातलं एक प्रथिन अगदी हेच करतं. ते रिसेप्टर तोडत नाही, जाळत नाही. नुसतं आसनावर जाऊन पडतं. दोन्हींपैकी एक आसन अडलं तरी नळी उघडत नाही, म्हणजे अर्ध्या कष्टात पूर्ण काम.

हा रुमाल आहे तरी केवढा? साठ ते पंचाहत्तर अमिनो आम्लांची माळ, बस. प्रथिनांच्या जगात हे अगदीच चिल्लर. पण तिची घडी अशी पडते की एका गाठीतून तीन बोटं बाहेर यावीत, आणि त्यातलं मधलं बोट आसनाच्या खोबणीत शिरतं. शास्त्रज्ञ या साऱ्या घराण्याला 'तीन बोटांची विषं' म्हणतात. तैवानमध्ये चांग आणि ली या दोघांनी १९६३ मध्ये तिथल्या मण्यारीच्या विषातून असं एक प्रथिन वेगळं काढलं. त्याचं नाव अल्फा-बंगारोटॉक्सिन. ते एकदा आसनावर बसलं की तासन् तास हलत नाही.

आणि इथून गोष्ट उलटी फिरते. तोवर रिसेप्टर कुणी हाताळलेलाच नव्हता. असं काहीतरी स्नायूवर असणार हा तर्क होता, पण हजारो प्रथिनांच्या गर्दीतून तो शोधायचा कसा? पॅरिसच्या झाँ-पिएर शांजू यांनी १९७० मध्ये मण्यारीच्याच विषाचा गळ केला. विजेचा झटका देणाऱ्या ईल माशाचं वीज-इंद्रिय म्हणजे रूप बदललेले स्नायूच, रिसेप्टरनं ठासून भरलेले. विष ज्याला चिकटलं तोच रिसेप्टर! मेंदू आणि नसांच्या रसायनांचे रिसेप्टर एकेक करून हाती लागले, त्यांतला हा पहिला, आणि तो दाखवला सापानं. मला विचाराल तर विज्ञानाच्या इतिहासात यापेक्षा चपखल वाटाड्या सापडणं अवघड.

मग मुंगसाचं काय? नागाशी भिडतं, चावेही खातं आणि पुन्हा उभं राहतं. ते कसलीतरी मुळी खाऊन येतं, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत सारा फुक्स आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मुंगसाचा रिसेप्टरच उलगडून पाहिला. आसनाच्या अगदी कडेला त्यांना साखरेच्या रेणूंचा एक झुपका आढळला. अ‍ॅसिटिलकोलिन चिमुकलं, ते झुपक्याशेजारून आत सरकतं. तीन बोटांचं विष त्याच्यापेक्षा पन्नासपट जड, ते अडतं. आसन तेच, प्रवासी तोच, पण रुमाल मात्र टेकतच नाही! आपल्या रिसेप्टरवर त्या जागी साखर नाही, हा आपल्यातला आणि मुंगसातला एक मोठा फरक. पुढे आफ्रिकेतल्या एका नागाच्या रिसेप्टरवरही अशीच साखर आढळली. स्वतःच्या विषानं नाग का मरत नाही, या शाळकरी प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

आपल्याला ही साखर मिळालेली नाही. आपल्याला मिळाला घोडा.

चेन्नईजवळ इरुला आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे, १९७८ पासूनची. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार साप पकडायचे, विष काढायचं, साप पुन्हा रानात सोडायचे. देशातल्या प्रतिविषासाठी लागणारं बहुतेक विष इथूनच जातं. आपल्या हाफकिनसारख्या संस्था ते घोड्याला अगदी थोड्या प्रमाणात, वाढवत वाढवत, महिनोन्‌महिने टोचतात. घोडा मरत नाही, तो प्रतिपिंड तयार करतो. मग त्याचं रक्त काढून वरचा पातळ भाग ठेवतात आणि लाल पेशी पुष्कळदा त्यालाच परत देतात.

प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. वरचे दोन हात विष पकडतात, खालची शेपटी शरीराच्या बाकी फौजेला आवाज देते. पण माणसाच्या अंगात घोड्याची शेपटी गेली तर फौज घोड्यावरच उठते. पित्त उठणं, दम लागणं, रक्तदाब कोसळणं. तेव्हा शेपटी छाटायला हवी. पण जिची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते ती छाटायची कशानं?

पोटातल्या रसानं! पेप्सिन हे आपल्याही जठरात असतं, वरण आणि मटण तेच फोडतं. आम्लात ते प्रतिपिंडावर सोडलं की शेपटीचे तुकडे तुकडे होतात आणि दोन हात एकमेकांना जोडलेले तसेच शिल्लक राहतात. हे आल्फ्रेड निसोनॉफ यांनी १९६० मध्ये दाखवलं. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटनच्या रॉडनी पोर्टर यांनी पपेन वापरून प्रतिपिंडाचे वेगळ्या जागी तुकडे पाडले होते, त्यात दोन्ही हातही सुटे होतात. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातलं विकर. मटण लवकर शिजावं म्हणून आपल्याकडे पपईची फोड लावतात, तेच. प्रतिपिंडांवरच्या त्या कामासाठी पोर्टर यांना १९७२ चं नोबेल मिळालं, जेराल्ड एडलमन यांच्या जोडीनं. अमेरिकेत रॅटलस्नेकच्या दंशावर मेंढीच्या प्रतिपिंडाचे असे पपेननं सुटे केलेले हात वापरतात. भारतात पेप्सिनवाले, जोडलेले.

चाकूरच्या दवाखान्यात येते ती या तुकड्यांची पांढरी भुकटी, छोट्या कुपीत, कोरडी केलेली. दहा मिलिलिटर पाणी घालायचं आणि कुपी तळहातांत धरून हळूहळू फिरवायची. गडबडीत ती खळखळून हलवली की फेस होतो आणि प्रथिनं बिघडतात. नातेवाईक दारात रडत असताना आणि रोग्याची मान लटकी पडत असताना एखादी सिस्टर शांतपणे कुप्यांमागून कुप्या अशा फिरवत असते. सुरुवातच साधारण दहा कुप्यांनी होते. अ‍ॅड्रेनलिन भरलेली सिरिंज शेजारी तयार ठेवावी लागते, कारण शेपटी छाटली तरी घोडा तो घोडाच.

आता खरी गंमत. हे तुकडे रिसेप्टरला हातसुद्धा लावत नाहीत. ते रक्तात फिरणारं विष गाठतात, त्याच्या बोटांवर बसतात आणि ती झाकून टाकतात. रुमाल खिडकीत पोचायच्या आत हवेतच झेलला! कुपीतल्या द्रावणाचा एक मिलिलिटर नागाचं ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यारीचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतो.

पण आसनावर आधीच पडून गेलेल्या रुमालाचं काय? तिथे हे तुकडे जवळजवळ हतबल. नागाचं विष निदान हळूहळू सुटतं, म्हणून डॉक्टर निओस्टिग्मिन देऊन पाहतात. फटीतलं अ‍ॅसिटिलकोलिन कापणारं विकर ते थोपवतं, त्यामुळे खरे प्रवासी वाढतात आणि सुटत चाललेल्या जागा पटापट भरतात. कधी कधी अर्ध्या तासात रोगी डोळे उघडतो. मण्यारीसमोर मात्र ही युक्ती सहसा चालत नाही. तिच्या विषात आणखी एक घटक असतो, तो मज्जातंतूच्या टोकात शिरून पिशव्याच संपवतो आणि टोकही जाळतो. प्रवासी येणार ते स्टँडच बंद! टोक नव्यानं उगवायला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर व्हेंटिलेटर, नाहीतर नांदेड किंवा लातूरच्या वाटेवर हातानं दाबायची अंबूची पिशवी. श्वास चालू ठेवला तर माणूस परत येतो, आणि पुष्कळदा पूर्ण बरा होऊन. इतक्या भयंकर विषाबद्दल हे सांगता येतं याचं मला अजून नवल वाटतं.

आकाराचा हिशेबही बघा. पेप्सिननं छाटलेला तुकडा विषाच्या चौदा-पंधरापट जड. विष रक्तवाहिनीतून चटकन निसटून स्नायूंत पसरतं, तुकडा जडपणे मागून येतो. म्हणून पहिला तास मोलाचा. त्यात आणखी एक अडचण आहे. घोड्याची प्रतिकारशक्ती मोठ्या प्रथिनांकडे चटकन लक्ष देते, चिल्लर विषाकडे फारसं नाही. म्हणजे जे प्राण घेतं त्याच्याविरुद्धचे हात कुपीत सर्वांत कमी! भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. मंत्रानं उतरलेल्या विषाच्या कथा गावोगाव ऐकू येतात, कारण चावणारे बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधी विष न सोडता कोरडाच चावतो. तिथे मांत्रिकाचं नाव होतं. मण्यारीपुढे तोच पहिला तास वाया जातो.

मग लहान विषाला लहानच हात मिळाला तर? तो सापडला उंटात, आणि तोही योगायोगानं. ब्रसेल्समध्ये रेमंड हॅमर्स यांच्या विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकासाठी माणसाचं रक्त दिलं, तर संसर्गाच्या धास्तीनं ते नको म्हणाले. फ्रीझरमध्ये उंटाचं रक्त पडून होतं, ते त्यांना दिलं. त्यात नेहमीच्या प्रतिपिंडांखेरीज वेगळेच प्रतिपिंड निघाले. आपल्या प्रतिपिंडाचा प्रत्येक हात दोन साखळ्यांचा. यांचा एकाच साखळीचा, आणि विष पकडायला तिचं नुसतं टोक पुरतं. १९९३ मध्ये हे 'नेचर'मध्ये आलं. त्या टोकाला आज नॅनोबॉडी म्हणतात. विषाच्या जेमतेम दुप्पट वजनाची, बॅक्टेरियात पिकवता येणारी आणि मोठ्या प्रतिपिंडाला न पोचता येणाऱ्या खळग्यात बोट घालणारी.

२०२५ मध्ये डेन्मार्कच्या आंद्रेयास लाउस्टसेन यांच्या गटानं उंटाच्या दक्षिण अमेरिकेतल्या भावंडांना, लामा आणि अल्पाकाला, आफ्रिकी नाग आणि मांबा यांची विषं टोचली आणि आठ नॅनोबॉडी निवडल्या. अठरा जातींच्या विषांपैकी सतरांपासून त्यांनी उंदरांना वाचवलं. आपला नाग आणि मण्यार त्या यादीत नाहीत. पण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुणगर यांचा गट आणि अमेरिकेची स्क्रिप्स संस्था यांनी २०२४ मध्ये दुसरीच शक्कल पुढे आणली. अब्जावधी कृत्रिम मानवी प्रतिपिंडांतून त्यांनी एक वेचून काढला, ज्याची पकड हुबेहूब आपल्या रिसेप्टरसारखी आहे. विष त्यालाच रिसेप्टर समजून बिलगतं. रुमाल पडतो, पण भलत्याच बाकड्यावर! नाग, मण्यार आणि मांबा, तिघांच्या तीन बोटांवर तो चालतो, कारण आसन अडवायचं तर तिघांनाही बोटाचा तोच भाग पुढे करावा लागतो.

आता एक विपरीत प्रकार. साप नाही, विष नाही, तरी पापण्या पडतात. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात माणसाचे स्वतःचेच प्रतिपिंड त्याच्या रिसेप्टरवर जाऊन बसतात. १९७३ मध्ये पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी सशांना ईलचा रिसेप्टर टोचला, आणि रिसेप्टरविरुद्ध प्रतिपिंड तयार होताच ससे लुळे पडले. तेव्हा या आजाराचं कोडं सुटायला लागलं. इथे दोन हातच घात करतात. एक प्रतिपिंड दोन हातांनी शेजारशेजारचे दोन रिसेप्टर धरून ठेवतो आणि पेशी ती जोडगोळी गिळून पचवते. मग अथेन्सच्या सॉक्रेटिस त्झार्टोस यांनी १९८० च्या दशकात पेशींवर एक प्रयोग केला. पपेननं सुटा केलेला एकच हात रिसेप्टरवर बसवला. एक हात दोघांना जखडू शकत नाही, त्यामुळे पेशी रिसेप्टर गिळत नाही. आणि रोग्याच्या पुष्कळशा प्रतिपिंडांना टेकायला जागाच उरत नाही! हा हात बसतो तो भागही अ‍ॅसिटिलकोलिनच्या आसनापासून दूर, म्हणजे कामात अडथळा नाही.

आणि पेप्सिननं जिरवून टाकलेली ती शेपटी? तिच्या माणसाकडच्या बहिणीला २०२१ मध्ये अमेरिकेत याच आजारावर औषध म्हणून मंजुरी मिळाली. नाव एफगार्टिगिमॉड, थोडा बदल केलेली नुसती शेपटी, हात नाहीतच. प्रतिपिंड रक्तात तीन-तीन आठवडे टिकतात ते एका वेगळ्या रिसेप्टरमुळे. पेशीनं गिळलेल्या प्रतिपिंडाला तो शेपटीनं धरतो आणि पचण्याआधी पुन्हा रक्तात सोडतो. आईचे प्रतिपिंड वारेतून बाळाकडे नेतो तोही हाच. औषधाची शेपटी त्याच्यावर ठाण मांडून बसते, आणि मग रोग्याचे प्रतिपिंड, वाईट आणि चांगले दोन्ही, सुटकेविना पचत जातात. काही आठवड्यांत ते निम्म्याहून जास्त घटतात. घोड्याच्या तुकड्यांना तर शेपटीच नाही, म्हणून त्यांना परत उचलून घेणारं कुणी नसतं आणि ते काही दिवसांत शरीरातून निघून जातात. सापाचं विष उतरायला बहुतेकदा तेवढे दिवस पुरतात.